हात हलतो म्हणजे नस शाबूत, असं नाही

भेंडे आणि सोनईच्या कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या नेवासा तालुक्यात रस्त्याकडेला कोप्या उभ्या राहतात. पाथर्डी, शेवगाव, बीडकडून टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' अशीच त्यांची मोजणी होते. दोन माणसांना मिळून एका हत्याराचं नाव! त्यांत आपले बौद्ध बांधव आहेत, इतर गरीब जातींचे लोकही आहेत. या लोकांची सगळी मिळकत हातांवर चालते. म्हणून आज हाताबद्दल लिहिते आहे.

नोकरी सोडून मी वस्त्यांवर आरोग्याचं काम करू लागले, त्यानंतरच्या दुसऱ्या हंगामातली गोष्ट. एका कोपीत साधारण तिशीची एक बाई भेटली. दीड महिन्यापूर्वी डोक्यावर मोळी घेऊन ट्रॉलीला लावलेल्या फळीवरून चढताना ती घसरली होती. ट्रॉलीच्या फाटलेल्या पत्र्यावर डावा हात आपटला आणि कोपराच्या खाली चार बोटांवर, आतल्या बाजूला खोल जखम झाली. जवळच्या दवाखान्यात नेलं. जागा बधिर केली, टाके घातले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. मग तिला सांगितलं, "बोटं हलवून दाखव." तिने मूठ वळली, बोटं फाकवली. "नस शाबूत आहे. आठ दिवसांनी टाके काढायला ये." तपासणी संपली.

मी तिला भेटले तेव्हा टाके निघाले होते, जखम भरली होती. पण करंगळीवर भाजल्याचा मोठा फोड होता. तव्यावरची भाकरी उलटताना करंगळी तव्याला टेकली आणि तिला पत्ताच लागला नाही. ती म्हणाली, "सिस्टर, हे बोट माझं हाये का दुसऱ्याचं, तेच कळंना."

मी तिला डोळे मिटायला लावले आणि कापसाची वात करंगळीच्या टोकाला लावली. काहीच कळलं नाही. अनामिकेच्या बाहेरच्या कडेलाही नाही. पण बोटं मात्र ती उजव्या हातासारखीच फाकवत होती. इथे मी गोंधळले. करंगळीला संवेदना देणारी आणि बोटं फाकवणारी नस एकच, असं मी डिप्लोमाला शिकले होते. तिचं नाव अल्नर. ती तुटली असेल तर बोटं कशी हलतील? आणि ती शाबूत असेल तर करंगळी बधिर कशी? खरं सांगायचं तर क्षणभर माझ्याही मनात आलं, की ही बाई काम टाळण्यासाठी काही सांगत तर नाही ना? त्या विचाराची मला आजही लाज वाटते. बाई खरं बोलत होती. माझं पाठांतर अपुरं होतं.

तिला जिल्ह्याच्या ठिकाणी घेऊन गेले. तिथल्या शल्यचिकित्सकांनी दोन्ही हात शेजारी ठेवून शांतपणे तपासले आणि सांगितलं, अल्नर नस तुटली आहे, पण हिच्या हातात एक जास्तीचा जोड आहे, म्हणून बोटं हलताहेत.

हा जोड काय असतो, ते आपल्या भागातल्या उदाहरणाने सांगते. कोपरापासून पंजाकडे दोन मोठ्या नसा पुढच्या बाजूने जातात. मधून जाते ती मिडियन, करंगळीच्या बाजूने जाते ती अल्नर. (तिसरी, रेडियल, मनगट आणि बोटं वर उचलणाऱ्या मागच्या स्नायूंना चालवते.) कोपर कशावर आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात ना, ती अल्नर. या दोन नसांना दोन पाट समजा. पुस्तकातल्या चित्रात ते शेजारी शेजारी पण वेगवेगळे वाहतात. प्रत्यक्षात काही माणसांच्या हातात मधूनच एक आडवी चारी निघते आणि मिडियनचं थोडं पाणी अल्नरमध्ये नेऊन सोडते. आता अल्नरचा पाट या चारीच्या वरच्या अंगाला फुटला, तरी खालच्या शेतातल्या काही वाफ्यांना चारीचं पाणी मिळतच राहतं. खाली उभा असलेला माणूस म्हणतो, पाणी येतंय, म्हणजे पाट ठीक आहे. वरची फूट कुणाला दिसत नाही.

पण या चारीतून बहुतेक वेळा फक्त हालचालीचं पाणी जातं, संवेदनेचं जात नाही. म्हणून त्या बाईची बोटं हलत होती आणि करंगळी बधिर होती.

या जोडाला मार्टिन-ग्रूबर जोड म्हणतात. स्वीडनच्या रोलांड मार्टिन यांनी 1763 मध्ये त्याची नोंद केली आणि ग्रूबर या शरीररचनाशास्त्रज्ञांनी 1870 मध्ये त्याचा सविस्तर अभ्यास मांडला. म्हणजे ही गोष्ट अडीचशे वर्षांपासून माहीत आहे. ती दुर्मीळही नाही. मोजण्याच्या पद्धतीनुसार आकडा बदलतो, पण साधारणपणे 100 माणसांमागे 15 ते 20 जणांत हा जोड सापडतो. विहारात पौर्णिमेला 50 जण बसले असतील तर त्यांत आठ-दहा जणांचे हात असे असतील, आणि त्यांना ते ठाऊकही नसेल. एकाच माणसाच्या उजव्या हातात जोड असतो आणि डाव्यात नसतो, असंही होतं.

याशिवाय तळहातातही या दोन नसांचा जोड असू शकतो. त्याला रीश-कान्यू जोड म्हणतात. मनगटावर कोयता लागून नस तुटली तर वरचा मार्टिन-ग्रूबर जोड कामाला येत नाही, कारण तो आधीच वर येऊन मिळालेला असतो. पण तळहातातला हा जोड असेल तर मनगटाच्या जखमेतही अंगठ्याची किंवा बोटांची काही हालचाल टिकून राहू शकते आणि पुन्हा तीच फसगत होते. कधी उलटंही घडतं. मार्टिन-ग्रूबर जोड असलेल्या माणसाची मिडियन नस कोपरापाशी तुटली, तर अल्नरच्या वाट्याचे काही स्नायूही लुळे पडतात आणि दोन नसा तुटल्यासारखं वाटतं. नसांची मशिनवर तपासणी करतानाही हा जोड लक्षात घेतला नाही, तर अल्नर नस मध्येच अडल्यासारखा आलेख येऊ शकतो. नस चांगली असते आणि रिपोर्टवर दोष दिसतो.

यात कुणाच्या शरीराची खोट नाही. पुस्तकातलं चित्र खोटं नसतं. ते बहुसंख्य हातांचं चित्र असतं, एवढंच. वेगळं असणं म्हणजे कमी असणं नव्हे, हे आपल्या समाजाला दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नाही. माणसांची नाकं मोजून त्यांना वंशांत आणि वर-खाली बसवणाऱ्यांना बाबासाहेबांनी 1948 च्या 'द अनटचेबल्स'मध्ये त्यांच्याच मोजमापांनी उत्तर दिलं. त्याच आकड्यांवरून त्यांनी दाखवून दिलं, की ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे ठरत नाहीत. नसांचंही तसंच आहे. हा जोड सगळ्या जगात, सगळ्या समाजांत सापडतो. हात उघडून पाहिल्यावर त्यात जात कुठे दिसत नाही.

जात आणि गरिबी दिसते ती हात तपासताना. माझा या लेखातला मुख्य मुद्दा हाच आहे.

वैद्यकीय महाविद्यालयांत शरीररचना शिकवण्यासाठी मृतदेह लागतात. आज देहदानाची चळवळ वाढली आहे ही चांगली गोष्ट आहे. पण आपल्याकडे 1949 चा अॅनाटमी कायदा झाला तो बेवारस मृतदेह महाविद्यालयांना मिळावेत म्हणून. बेवारस कोण असतात? फुटपाथवर मेलेले, गाव सोडून आलेले, ज्यांच्या नातेवाइकांपर्यंत निरोप पोचला नाही असे. त्यांत श्रीमंत माणूस शोधून सापडायचा नाही. विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी या गरिबांच्या हातांतली एक एक नस सोडवून पाहिली, जोड शोधले, मोजले, लिहून ठेवले. मेलेल्या गरिबाचा हात इतक्या बारकाईने तपासला गेला. जिवंत गरिबाच्या हाताला मात्र "बोटं हलव, हं, ठीक आहे" एवढ्यावर निरोप मिळतो. गरिबांच्या देहावरून मिळवलेलं ज्ञान गरिबापर्यंत सगळ्यात शेवटी पोचतं.

हा लेख डॉक्टरांना दोष देण्यासाठी नाही. मी त्याच खोल्यांत काम केलं आहे. दारात शंभर पेशंट आणि आत एक डॉक्टर, हे मी रोज पाहिलं आहे. पण वेळ नाही हे कारण मला पूर्ण पटत नाही. ज्या तपासणीबद्दल मी बोलते आहे तिला दोन मिनिटं लागतात. मशिन लागत नाही, खर्च नाही. कापूस लागतो आणि पेशंटचा हात हातात घ्यावा लागतो. अडचण पुष्कळदा तिथेच असते. घामाने, चिखलाने, उसाच्या कुसळांनी भरलेला तो हात कुणी हातात घेत नाही. दुरून सांगून हालचाल पाहता येते. संवेदना तपासायची तर स्पर्शच करावा लागतो. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या स्पर्श नाकारला गेला, त्याच्या हाताची निम्मी तपासणी स्पर्शावाचून राहून जाते, हे मला फार लागतं.

तथागतांच्या आयुष्यातला एक प्रसंग आपण सगळ्यांनी विहारात ऐकला आहे. एक भिक्खू हगवणीने आजारी होऊन स्वतःच्याच घाणीत पडला होता. तो आमच्या उपयोगी पडत नाही, म्हणून इतर भिक्खू त्याच्याकडे बघत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितलं, दोघांनी मिळून त्याला स्वच्छ केलं आणि उचलून अंथरुणावर ठेवलं. माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची सेवा करावी, असा बोध त्यांनी मग संघाला दिला. आम्ही नर्सेस या प्रसंगाकडे सेवाभाव म्हणून पाहतो. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. तथागत आधी जवळ गेले, काय होतंय ते विचारलं, स्वतः पाहिलं आणि मग उपाय केला. केसपुत्तच्या कालामांनाही त्यांनी हेच सांगितलं होतं, की परंपरेने आलं म्हणून किंवा ग्रंथात आहे म्हणून एखादी गोष्ट मानू नका. 'अल्नर तुटली तर बोटं हलत नाहीत' हे ग्रंथातलं वाक्य आहे. समोरच्या बाईची करंगळी वेगळं सांगत असेल, तर आधी करंगळीचं ऐकायला हवं.

आता प्रत्यक्षात काय करायचं ते सांगते. हे पान कापून जपून ठेवलंत तरी चालेल.

कोपरापासून बोटांपर्यंत कुठेही खोल जखम झाली तर आधी स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, हात छातीच्या वर ठेवा आणि दवाखाना गाठा. हळद, चुना, तंबाखू जखमेत भरू नका. आपल्याकडे रक्ताच्या वाहिनीलाही 'शीर' म्हणतात आणि नर्व्हलाही. दवाखान्यात स्पष्ट विचारा, "नर्व्ह तपासली का?"

संवेदनेची तपासणी जागा बधिर करण्याच्या इंजेक्शनच्या आधी झाली पाहिजे. इंजेक्शननंतर ती खात्रीची राहत नाही. पेशंटचे डोळे मिटवून कापसाची वात तीन ठिकाणी लावायची. करंगळीचं टोक अल्नरसाठी, तर्जनीचं टोक मिडियनसाठी, आणि पंजाच्या मागच्या बाजूला अंगठा व तर्जनी यांच्यामधली जागा रेडियलसाठी. अनामिकेवर विसंबू नका. तिच्या वाटण्या माणसागणिक बदलतात. "कळतं का?" एवढंच विचारू नका, "दुसऱ्या हाताइतकंच कळतं का?" असं विचारा.

मग हालचाल पाहायची. बोटं फाकवायची. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये कागद धरून ठेवायचा आणि दुसऱ्याने तो ओढायचा. तळहात वर करून अंगठा सरळ छताकडे उचलायचा. करंगळीचं शेवटचं पेर वाकवायचं. मनगट वर उचलायचं. प्रत्येक वेळी दुसऱ्या हाताशी तुलना करायची. हालचाल चांगली आहे पण बोट बधिर आहे, असं असेल तर 'थोडी सूज आहे, उतरेल' यावर समाधान मानू नका. बधिर बोट हा पुरेसा पुरावा आहे. अशा पेशंटला नस जोडण्याची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात तातडीने पाठवायला सांगा.

तातडीने का, तेही समजून घ्या. तुटलेली नस जोडली की तिचे धागे दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतात. कोपराखालच्या जखमेपासून करंगळीच्या टोकापर्यंत अंतर फूटभर धरलं, म्हणजे सुमारे 300 मिलिमीटर, तर सगळं नीट झालं तरी 300 दिवस लागतात. दुसरीकडे, नस तुटलेला स्नायू वर्ष-दीड वर्षात असा वाळतो की नंतर नस पोचूनही उपयोग होत नाही. म्हणून पहिले दिवस आणि पहिले आठवडे मोलाचे आहेत. पहिल्या दिवशी तपासणी राहून गेली असेल तर टाके काढताना आग्रहाने करून घ्या. नसांच्या मशिनवरच्या तपासणीतून जखमेनंतर साधारण तीन आठवड्यांनी अधिक नेमकी माहिती मिळते. तेव्हा बधिरपणा असल्याचं तिथल्या माणसाला आवर्जून सांगा.

जखम नसतानाही करंगळी बधिर होत असेल, कोपरामागची नस जाड किंवा दुखरी लागत असेल, अंगावर न कळणारा फिकट चट्टा असेल, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. तिथेही बोटं हलतात म्हणून गाफील राहू नका. औषध सरकारी केंद्रात मोफत मिळतं आणि रोग बरा होतो. लपवल्याने हात जातो.

तपासणीत जे आढळलं ते केसपेपरवर लिहून घ्या. 'करंगळी बधिर' हे दोन शब्द पुढे फार कामाला येतात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 40 टक्क्यांची अट आहे. हाताचं दिव्यांगत्व मोजताना पकड आणि ताकद यांच्याबरोबर संवेदनाही मोजायची असते. "हात तर हलतो की" म्हणून कुणी खिडकीवरून परत पाठवत असेल, तर संवेदना मोजल्याची नोंद मागा.

आपण संघटनांनी तीन गोष्टींचा पाठपुरावा करावा, असं माझं मत आहे. पहिली, प्रत्येक सरकारी रुग्णालयात हाताच्या जखमेच्या केसपेपरवर या तपासणीचे सहा चौकोन छापलेले असावेत: तीन नसांची संवेदना आणि तीन नसांची हालचाल. चौकोन समोर असला की भरला जातो, हा माझा नोकरीतला अनुभव आहे. दुसरी, हंगाम सुरू होतानाच कारखान्यांच्या परिसरात आशाताई आणि नर्सेसना ही कापसाची तपासणी शिकवावी. तिसरी गोष्ट आपल्याच हातात आहे. पौर्णिमेला विहारात वंदनेनंतर दहा मिनिटं काढून एकमेकांचे हात तपासायला शिका. पोरांना शिकवा. कोपीवर जाऊन शिकवा. कोपी कोणत्या जातीची आहे ते विचारू नका.

त्या बाईची नस जखमेनंतर जवळजवळ तीन महिन्यांनी जोडली गेली. आधी तपासणी, मग तारीख, मग पैशांची जुळवाजुळव, यात तेवढे दिवस गेले. आज तिला करंगळीला चटका कळतो. पण डोळे मिटून त्या बोटाने सुई कोणती आणि काडी कोणती, हे अजून ओळखता येत नाही. पहिल्याच दिवशी कुणी कापसाची वात लावली असती तर कदाचित आलं असतं. पुढच्या हंगामात ती पुन्हा आली, फळीवरून मोळ्या चढवल्या, आणि शेजारच्या कोपीतल्या पोराच्या मनगटाला कोयता लागला तेव्हा त्याच्याबरोबर दवाखान्यातही गेली. इंजेक्शन भरलेलं पाहून तिने डॉक्टरांना थांबवलं आणि म्हणाली, "सायेब, आधी कापूस लावून बघा."

डॉक्टरांनी लावून पाहिला.

जयभीम.